कंट्रोलर जोडलाय, पण ऐकतंय कोण?

मागच्या अंकात लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) गेम खेळण्याबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी ‘अडलं तर विचारा’ असं म्हटलं होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी कंट्रोलरचीच. कराडला माझं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे आणि सुट्ट्या लागल्या की तिथेही हेच चालतं. पिशवीतून पॅड निघतो, पाठोपाठ लॅपटॉप, आणि मग वाक्य येतं, ‘काकू, लिनक्सला हा चालतच नाही.’ पॅड म्हणा, जॉयस्टिक म्हणा, कंट्रोलर म्हणा, आमच्याकडे तिन्ही शब्द चालतात.

मासिकात कमांड देवनागरीत छापतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. अक्षर चुकेल असं वाटलं तिथे मी फोनवर सांगतात तसं एकेक अक्षर सांगितलं आहे.

प्रश्न : आतेभावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय. फ्लाइटगिअर हा विमान उडवायचा खेळ सुरू केला की विमान धावपट्टीवर असतानाच एका बाजूला ओढतं. नवा पॅड खराब असेल म्हणून दुकानातून बदलून आणला, तरी तेच. पॅड काढून ठेवला तरी तेच! गादीवर बसून खेळलं की जास्त ओढतं, टेबलावर कमी. मिंट पुन्हा टाकू का?
— बारावीचा विद्यार्थी, मिरज

उत्तर : मिंट पुन्हा टाकू नकोस आणि तिसरा पॅडही आणू नकोस. तुझ्या पत्रातलं ‘गादीवर जास्त, टेबलावर कमी’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते तू लिहिलं नसतंस तर मी तुला चार चुकीच्या गोष्टी करायला लावल्या असत्या.

काही जुन्या लॅपटॉपच्या पोटात हालचाल ओळखणारी एक छोटी चिप असते. फिरत्या हार्डडिस्कच्या काळातली ती सोय. लॅपटॉप हातातून सुटला तर तो जमिनीवर आदळायच्या आत डिस्कचं हेड बाजूला घेता यावं, यासाठी. ही चिप तीन दिशांचे आकडे सतत पाठवत असते. जॉयस्टिकसुद्धा दिशांचे आकडेच पाठवते. त्यामुळे लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा त्याचा गाभा, या चिपलाही जॉयस्टिकचा नंबर देतो, आणि तो बहुधा पहिला, म्हणजे शून्य. चिप संगणक सुरू होतानाच हजर असते, तुझा पॅड मागाहून येतो. गादीवर लॅपटॉप कलतो, चिप ते इमानेइतबारे कळवते आणि फ्लाइटगिअरला वाटतं की वैमानिकानेच काठी ओढली.

खात्री करून घे. पॅड काढून ठेव. ‘जॉयस्टिक’ नावाचं पॅकेज टाक आणि टर्मिनलमध्ये ‘जेएसटेस्ट /डेव्ह/इनपुट/जेएस०’ ही कमांड दे, जॉयस्टिककडून येणारे आकडे ती दाखवते. काहीही जोडलेलं नसताना आकडे दिसले, तर नाव वाच. त्यात ॲक्सेलरोमीटर हा शब्द असेल. मग लॅपटॉपचा एक कोपरा उचलून खाली पेन्सिल सरकव. माझ्या दुकानात असाच एक लॅपटॉप आला होता. पेन्सिल सारली तेव्हा एक आकडा टुणकन पुढे गेला आणि तिथेच राहिला, पेन्सिल काढली तसा परत आला. तो मुलगा आणि मी दोघंही बराच वेळ नुसतं तेच करत बसलो होतो.

आता उपाय. अशी चिप चालवणाऱ्या कर्नलच्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. तुझ्या लॅपटॉपात एचपी_ॲक्सेल हे मॉड्यूल असेल (एच, पी, अंडरस्कोअर, ए, सी, सी, ई, एल), तर ‘सुडो मॉडप्रोब -आर’ आणि पुढे हे नाव, एवढं दे. विमान सरळ धावायला लागलं की कायमचा बंदोबस्त कर. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये शेवटी .कॉन्फ असलेली एक फाइल करून तीत ‘ब्लॅकलिस्ट एचपी_ॲक्सेल’ ही एकच ओळ लिही आणि संगणक पुन्हा सुरू कर. मॉड्यूल वेगळं असेल तर ‘एलएसमॉड’ या कमांडने दिसणाऱ्या यादीत ॲक्सेल असलेलं किंवा एलआयएस३ने सुरू होणारं नाव शोध. यापुढे शून्य नंबर तुझ्या पॅडला मिळेल. मग फ्लाइटगिअरच्या फाइल मेनूत जॉयस्टिक कॉन्फिगरेशन आहे, तिथे एकदा काठ्या नेमून दे.

चिप बंद केल्याने डिस्कला धोका होईल का, असं तू विचारशीलच. डिस्कचं हेड हलवायला लिनक्सवर वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागतो आणि तो तू मुद्दाम टाकला नसशील. एसएसडी (न फिरणारी डिस्क) असेल तर वाचवायला हेडच नाही.

आणि हो, बदलून घेतलेला पहिला पॅड चांगला होता. त्या दुकानदाराला तेवढं जाऊन सांग. नाहीतर तो बिचारा भंगारात टाकेल.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही, साधा पॅड धरता येत नाही. त्याच्या मामाने पुण्याच्या तपकीर गल्लीतून मोठी आर्केडची बटणं आणि यूएसबीचं छोटं बोर्ड आणलं आणि लाकडी पाटावर सगळं बसवून दिलं. उबुंटूवर (हेही लिनक्सच) जेएसटेस्टमध्ये प्रत्येक बटण उमटतं. पण स्टीम या खेळ विकणाऱ्या ॲपवरच्या काही खेळांत ‘कंट्रोलर जोडा’ असं येतं, काहींत उडी मारायला गेलं की मेनू उघडतो. तो हिरमुसून पाट बाजूला सारतो. काय करू?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, मामांचं काम चोख झालंय. जेएसटेस्टमध्ये बटण उमटतं याचा अर्थ बटण, वायर, बोर्ड, यूएसबी आणि कर्नल, पाचही ठीक आहेत. अडचण त्याच्या वरच्या मजल्यावर आहे.

यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारं ‘एलएसयूएसबी’ टर्मिनलमध्ये दिलं तर या बोर्डासमोर बहुधा ००७९:०००६ असा क्रमांक आणि ड्रॅगनराइज हे नाव दिसेल. बाजारातली ही ‘झिरो डिले’ म्हणून विकली जाणारी बोर्डं हाच क्रमांक लावून येतात, आणि कितीतरी स्वस्त पॅडही हाच लावून येतात. कर्नलला फक्त एवढंच कळतं की इथे बारा बटणं आहेत, शून्य ते अकरा. खेळाला मात्र ‘ए’ कुठलं, ‘बी’ कुठलं, ‘स्टार्ट’ कुठलं, हे हवं असतं. हे जुळवायला बहुतेक खेळ एसडीएल नावाची लायब्ररी वापरतात. तिच्याकडे एक मोठी यादी असते, अमुक क्रमांकाच्या पॅडवर दोन नंबरचं बटण म्हणजे ‘ए’, अशी. तुमच्या पाटाचा क्रमांक त्या यादीत सापडला तरी ती जुळणी भलत्याच कुणाच्या पॅडची असते. पाटावर ‘ए’ कुठे आहे ते मामांनी कोणती वायर कोणत्या खाचेत खुपसली त्यावर ठरतं, आणि ते यादीला कळायचा मार्ग नाही. जिथे जुळणी सापडत नाही तो खेळ म्हणतो कंट्रोलर जोडा, आणि जिथे चुकीची सापडते तिथे उडीचा मेनू होतो.

म्हणून ही जुळणी एकदा तुम्हीच करून द्या. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलर या भागात जा. पाट तिथे दिसेल. त्याच्यासमोर इनपुट नेमून द्यायचा पर्याय आहे. स्टीम एकेक बटण विचारत जातं, मुलाला दाबू द्या. जे बटण पाटावर नाही ते सोडून पुढे जा. हे जतन केलं की खेळांना तुमचा पाट ओळखीच्या पॅडसारखा दिसू लागतो.

आता तुमच्या मुलासाठी जास्त महत्त्वाचं. प्रत्येक खेळाच्या पानावर कंट्रोलरची मांडणी बदलता येते आणि त्यात बटणाच्या सेटिंगमध्ये ‘टॉगल’ आहे. गाडीच्या खेळात वेगाचं बटण सतत दाबून धरावं लागतं. टॉगल लावलं की एकदा दाबलं की गाडी पळत राहते, पुन्हा दाबलं की थांबते. दाबून धरण्यात जाणारा जोर वाचतो आणि उजवा हात वळवायला मोकळा राहतो. मी आधी हेच करीन, बाकी नंतर.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम वेगळ्या खोक्यात बंद करून टाकायची पद्धत) टाकलं असेल तर उबुंटूतच ‘स्टीम-डिव्हाइसेस’ हे पॅकेज वेगळं टाका. स्टीम जो पॅड खेळाला दाखवतं तो खोटा, म्हणजे आभासी असतो, आणि तो तयार करायची परवानगी त्या पॅकेजमुळे मिळते. स्टीमबाहेरच्या खेळांसाठी अँटीमायक्रोएक्स हा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो पाटावरच्या बटणाला कीबोर्डची कळ करून देतो. बाणाच्या कळांवर आणि स्पेसबारवर चालणारे सगळे खेळ त्याने चालतात.

पाट सरकत असेल तर गॅसच्या शेगडीच्या पायांना असतात तसे रबरी बूट त्याखाली लावा, भांड्यांच्या दुकानात मिळतात. सरकणाऱ्या पाटावर मूल दुसऱ्या हाताने धरायला जातं आणि तोच हात दुखतो. मांडणी जमली की मला पत्र पाठवा. खरंच पाठवा.

प्रश्न : पॅडची डावी काठी सोडली तरी खेळातला माणूस चालत राहतो. इंटरनेटवर वाचून जेएसकॅल (काठीचे आकडे जुळवायची कमांड) केलं, जेएसटेस्टमध्ये आकडा शून्य झाला, पण खेळात काहीच फरक नाही. पॅड दोन पावसाळे जुना आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जेएसकॅलने जुळणी होते ती फक्त जॉयस्टिकच्या जुन्या दाराची, म्हणजे जेएस०, जेएस१ या नावांची. आजचे बहुतेक खेळ या दाराने येतच नाहीत. ते इव्हेंट नावाच्या नव्या दाराने वाचतात. तिथे मूळचा आकडा जसाच्या तसा आहे. जुने लेख चुकीचे नव्हते, त्या काळात खेळ जुन्या दारानेच वाचत असत. त्याच जॉयस्टिक पॅकेजात ईव्हीडेव्ह-जॉयस्टिक नावाची कमांड आहे, तिने नव्या दारावर डेडझोन वाढवता येतो. डेडझोन म्हणजे मधोमध एवढी जागा, जिथली हालचाल धरायचीच नाही. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्येही हा सरकपट्टीसारखा मिळतो, तो जास्त सोपा.

पण आधी आकडे बघा. जेएसकॅलचा परिणाम राहू नये म्हणून पॅड काढून पुन्हा लावा आणि जेएसटेस्ट चालवा. काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली की आकडा उणे ३२७६७ पासून ३२७६७ पर्यंत जातो. हात काढल्यावर तो शून्याच्या आसपास एका जागी थांबला तर डेडझोन पुरेल. हात न लावता थरथरत राहिला, किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबला, तर काठीच्या आतला भाग झिजलाय.

पॅड उघडला की काठीच्या खोबणीला काटकोनात चिकटलेल्या दोन छोट्या डब्या दिसतात. ते पोटेन्शियोमीटर, आम्ही नुसतं पॉट म्हणतो. आत कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावरून घासत जाणारा पितळी रंगाचा पातळ पाय असतो. मधल्या जागेवर पट्टा सगळ्यात जास्त घासला जातो, कारण काठी सारखी तिथेच परत येते. झिजलेल्या पॉटचं झाकण नखाने उचललं तर काळी भुकटी बोटाला लागते. कोकणच्या दमट हवेत ती भुकटी चिकटते आणि आकडे उड्या मारायला लागतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अलगद पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, बिजागरीचा स्प्रे, यातलं काहीही नको. तेलावर भुकटी बसून त्याचा लगदा होतो.

पुसूनही जमलं नाही तर सबंध काठी बदलावी लागेल. तिला चौदा पाय असतात, सगळ्यांचे सोल्डरचे डाग सुटे करावे लागतात, तेव्हा सोल्डरिंगची सवय नसेल तर कारागिराकडे द्या. बदलायचीच तर हॉल इफेक्टवाली घ्या. तीत चुंबकावर काम चालतं, कार्बन घासला जात नाही. मात्र तुमच्या पॅडचं मॉडेल सांगूनच मागवा.

प्रश्न : हॉस्टेलवर सगळे व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळतात. माझ्याकडे लिनक्स आहे. प्रोटॉनने विंडोजचे गेम चालतात म्हणतात, मग हा का नाही? काही जुगाड?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : जुगाड नाही, आणि कुणी दाखवला तरी करू नकोस, अकाउंट बंद होईल.

प्रोटॉन काय करतं ते बघ. विंडोजचा खेळ विंडोजला जे जे मागतो ते ते लिनक्सच्या भाषेत पुरवायचं, हे काम वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून करतोय. त्यावर ग्राफिक्ससाठी डीएक्सव्हीके (विंडोजच्या ग्राफिक्सची भाषा लिनक्सला कळेल अशी करणारा भाग) वगैरे जोडून स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. २०२२ साली आलेला त्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक याच्यावरच चालतो. एकट्याने खेळायचे बहुसंख्य खेळ त्यामुळे नुसते इन्स्टॉल करून चालतात. ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर खुद्द विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं, संगणक सुरू होतो तेव्हापासून. लिनक्सवर तो कर्नलच नाही. प्रोटॉन खेळाशी बोलू शकतं, नसलेल्या कर्नलच्या जागी उभं राहू शकत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोन फसवणूकविरोधी सॉफ्टवेअरनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली. तरी ती वाट उघडायची की नाही हे प्रत्येक खेळाची कंपनी ठरवते, आणि उघडलेली वाट बंदही होते. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तो बंद केला गेला. म्हणून ऑनलाइन खेळ विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्या खेळाचं नाव टाकून अलीकडच्या तारखांचे अनुभव वाच. दोन वर्षांपूर्वीचा ‘मस्त चालतो’ याला ऑनलाइन खेळात काही किंमत नाही.

मित्रांबरोबर व्हॅलोरंटच खेळायचा असेल तर दुसऱ्या डिस्कवर विंडोज ठेव. त्यात काही कमीपणा नाही.

आता काही पत्रांना थोडक्यात.

‘विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे. डी ड्राइव्हवर आधीच उतरवलेले गेम लिनक्सच्या स्टीमला दाखवले, प्ले दाबलं की बटण बदलतं आणि लगेच परत ‘प्ले’ होतं, खेळ उघडतच नाही.’ (इंदूर) डी ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली ठेवणारा आहे. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतं आणि त्यात ‘सी:’ नावाची जोडणी बनवतं. एनटीएफएसवर नावातल्या त्या विसर्गासारख्या चिन्हाने आणि परवानग्यांनी गोंधळ होतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर स्टीमची दुसरी लायब्ररी करा आणि खेळ तिकडे हलवा. डाउनलोड वाचवायला फाइली कॉपी करून आणल्या तरी चालतात, स्टीम त्या तपासून घेतं.

‘चौथ्या पिढीचा इंटेल लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, खेळ सुरूच होत नाही.’ (सोलापूर) डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्तींना व्हल्कन १.३ (ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी पद्धत) लागतं आणि तुमची चिप तिथवर पोचत नाही. खेळाच्या लॉंच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%’ लिहा, सगळी नावं इंग्रजी मोठ्या लिपीत, फक्त ‘कमांड’ लहान. मग प्रोटॉन जुन्या ओपनजीएलच्या वाटेने जातं. वेग कमी मिळेल, पण जुने, हलके खेळ उघडतील. २०२० नंतरच्या मोठ्या खेळांची आशा धरू नका.

‘एक्सबॉक्सचा पॅड ब्लूटूथला जोडला की लगेच सुटतो, दिवा लुकलुकतच राहतो.’ (वसई) आधी एखाद्या विंडोज संगणकावर एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲपमधून पॅडचं फर्मवेअर (पॅडच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बऱ्याच वेळा तेवढंच पुरतं. नाही झालं तर पहिल्या उत्तरातल्या /ईटीसी/मॉडप्रोब.डी फोल्डरमधल्या .कॉन्फ फाइलमध्ये ‘ऑप्शन्स ब्लूटूथ डिसेबल_ईआरटीएम=वाय’ अशी ओळ टाका, संगणक पुन्हा सुरू करा, पॅडची जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा.

‘पॅड लावला की दिवा लागतो, पण एलएसयूएसबीत काहीच दिसत नाही. लिनक्स बदलू का?’ (बार्शी) या पत्राला मी सगळ्यात आधी उत्तर लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी असाच एक शाळकरी मुलगा दुकानात आला होता. दिवा लागत होता म्हणून मी केबलकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हर बघितले, मग सबंध लिनक्स पुन्हा टाकलं. त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी काढलेली चित्रं त्या संगणकावर होती, ती मी आधी विचारून घेतली नाहीत आणि गेली. दोष केबलचा होता. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. दिवा विजेवर लागतो. ज्या केबलने तुमच्या मोबाइलमधले फोटो संगणकावर येतात ती केबल पॅडला लावा आणि एलएसयूएसबी पुन्हा द्या. एक ओळ वाढलेली दिसली तर ती मला जशीच्या तशी लिहून पाठवा, क्रमांकासकट.